११२.७ जीबीचा हिशेब : एका कार्यालयीन संगणकाचे प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, प्राप्तिकर विवरणपत्रांची ३१ तारीख डोक्यावर आलेली असताना, सांगलीतील एका कर सल्लागारांच्या कार्यालयातून मला बोलावणे आले. तक्रार एका ओळीची होती : हिशेबाचे सॉफ्टवेअर नोंद साठवताना जागा अपुरी असल्याचा संदेश देते आणि बंद पडते. संगणक २०२२ साली घेतलेला, विंडोज ११ असलेला, १६ जीबी मेमरीचा; त्यात २५६ जीबीची एकच एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, आणि तिच्यावर सी हा एकच ड्राइव्ह. अशी तक्रार माझ्याकडे आठवड्याला एखादी तरी येते आणि तात्पुरत्या फाइली काढून रिसायकल बिन रिकामी केली की बहुधा अर्ध्या तासात काम उरकते. इथे ते तसे उरकणार नाही, हे टेबलावरचा कागद पाहूनच कळले.

कार्यालयाच्या मॅडम गेली तीस वर्षे लोकांची खाती जुळवत आल्या आहेत. संगणकाने सांगितलेले आकडे त्यांनी एका फुलस्केप कागदावर एकाखाली एक उतरवून ठेवले होते. खोक्यावर २५६ जीबी. 'धिस पीसी' उघडल्यावर सी ड्राइव्हखाली एकूण २३७.७ आणि मोकळे ३.१, म्हणजे वापरलेले २३४.६. सी ड्राइव्हमध्ये जाऊन, दिसणारे सगळे फोल्डर एकदम निवडून, उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहिल्यावर 'साइझ' १५२.३ आणि त्याच्या लगेच खाली 'साइझ ऑन डिस्क' १२१.९. (एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, जीबीचे तीनच अंक दाखवतो, पुढचा दशांश त्यांनी शेजारी दिलेल्या बाइटच्या आकड्यांवरून स्वतः काढला होता.) कागदाच्या तळाशी लाल पेनाने प्रश्न लिहिला होता : "फरक कुठल्या खात्यात टाकायचा?"

जागा मोकळी करून देणे हे माझे काम होते, पण मॅडमना आधी या प्रश्नाचे उत्तर हवे होते, आणि सगळे पाहून झाल्यावर मला वाटते की त्यांचा क्रम बरोबर होता. जागा कुठे गेली हे कळण्याआधी ती मोकळी करायला जाणे किती महागात पडू शकते, याचा अनुभव त्याच कार्यालयाने त्याच आठवड्यात दोनदा घेतला होता.

पहिल्या वेळी कार्यालयातील सहायकाने वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी जोडलेल्या, फोल्डरातील बंद झालेल्या पक्षकारांची जुनी कागदपत्रे पुसली. प्रॉपर्टीजमध्ये तो फोल्डर ८ जीबींचा दिसत होता. पुसून, रिसायकल बिन रिकामी करून पाहिले, तर मोकळी जागा होती तेवढीच. दुसऱ्या वेळी त्याने डाउनलोड्समधील जुनी इन्स्टॉलर आणि झिप फाइली शिफ्ट दाबून कायमच्या काढल्या. त्या ६ जीबी होत्या. या वेळी मोकळी जागा ९.१ झाली आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा ३.१. त्या तीन दिवसांत संगणकावर नवीन काय आले याचा मी अदमास घेतला, तर स्कॅन, सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती आणि किरकोळ मिळून सुमारे ३ जीबी भरले. तीन आले आणि सहा गेले. हाच धागा पुढे सर्वांत उपयोगी ठरला.

खोक्यावरचा आकडा

२५६ आणि २३७ यांतील फरक सर्वांत जुना, सर्वांत निरुपद्रवी आणि लोकांना सर्वांत जास्त राग आणणारा आहे. एसएसडीवर प्रत्यक्ष २,५६,०६,०५,१४,३०४ बाइट होते, म्हणजे २५६ अब्जांहून थोडे अधिकच. कंपनी १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट धरते आणि मीटर-किलोच्या दशमान पद्धतीत ते योग्यच आहे. विंडोज त्याच संख्येला १,०७,३७,४१,८२४ ने, म्हणजे १०२४ चा तीनदा गुणाकार करून आलेल्या संख्येने भागते, म्हणून उत्तर २३८.४७ येते आणि त्यापुढेही विंडोज 'जीबी' हीच अक्षरे लिहिते. या दुसऱ्या मापाला 'गिबीबाइट' असे वेगळे नाव १९९८ मध्येच आयईसी या विद्युत-तंत्राची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दिले, पण विंडोजने ते स्वीकारले नाही. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून दशमान माप घेतले. त्यामुळे १ टीबीची एकच बाह्य डिस्क मॅकवर १ टीबी आणि विंडोजवर ९३१ जीबी दिसते.

मॅडमना मी तोळ्याचे उदाहरण दिले. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आज सराफ सोने देतात तो १० ग्रॅमचा. शब्द एक, वजने दोन. आजीच्या दागिन्याची जुनी चिठ्ठी आणि नवी पावती समोरासमोर ठेवल्या तर सोने कमी झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात गुंजभरही कमी झालेले नसते. हे त्यांना तत्काळ पटले आणि त्या ओळीवर त्यांनी बरोबरची खूण केली. (या घोळाचा कळस म्हणजे १.४४ एमबीची फ्लॉपी : तिच्यावर १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे १.४४ गुणिले १००० गुणिले १०२४. एकाच आकड्यात दोन्ही मापे कालवलेली, आणि आम्ही सर्वांनी तो आकडा वर्षानुवर्षे मुकाट्याने वापरला.)

२३८.४७ मधून २३७.७ कसे उरतात हे त्यामानाने सोपे आहे. यंत्र सुरू करण्यासाठीचा १०० एमबींचा विभाग, विंडोजने स्वतःसाठी राखलेला १६ एमबींचा विभाग आणि दुरुस्तीच्या साधनांचा सुमारे सहाशे एमबींचा विभाग सी ड्राइव्हच्या बाहेर असतात. पुढील सर्व आकडे विंडोजच्या मापाने आहेत.

पासबुक आणि रोजकीर्द

खरा प्रश्न २३४.६ आणि १२१.९ यांच्यातील ११२.७ जीबींचा होता. निम्म्याला थोडी कमी डिस्क कुठेच दिसत नव्हती.

हे दोन आकडे दोन वेगळ्या वह्यांतून येतात. सी ड्राइव्ह ४ केबींच्या तुकड्यांत विभागलेला असतो. या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात आणि या ड्राइव्हवर ते सुमारे ६ कोटी २३ लाख होते. कोणता क्लस्टर भरलेला आणि कोणता रिकामा हे लिहिण्यासाठी एनटीएफएस ही फाइलव्यवस्था एक नकाशा ठेवते. त्यात प्रत्येक क्लस्टरसाठी एकच बिट असतो, म्हणून एवढ्या मोठ्या ड्राइव्हचा अख्खा नकाशा साडेसात एमबींच्या आसपास मावतो. 'वापरलेली जागा' हा आकडा या नकाशाशी बांधलेला असतो, म्हणून तो क्षणात येतो. क्लस्टर कोणाचा, कोणत्या फाइलीचा, कशासाठी, हे नकाशाला ठाऊक नसते आणि विचारण्याचे कारणही नसते.

फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहताना मात्र एक्सप्लोरर दारोदार फिरतो. प्रत्येक फोल्डर उघडतो, आतल्या प्रत्येक फाइलीचा आकार विचारतो आणि बेरीज करत जातो; त्यामुळेच तो आकडा डोळ्यांदेखत वाढत राहतो. जे दार त्याला उघडता येत नाही, तिथून तो काही न बोलता पुढे जातो, आणि ही त्याची सवय मला या सबंध प्रकरणात सर्वांत आक्षेपार्ह वाटते. 'अमुक इतक्या ठिकाणी मला प्रवेश मिळाला नाही' एवढे एक वाक्य त्याने शेवटी लिहिले असते, तर माझ्याकडे येणाऱ्या अशा निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या.

मॅडमनी हे ऐकून सांगितले, "म्हणजे पहिले बँकेचे पासबुक आणि दुसरी आमची रोजकीर्द. दोन्हींची शिल्लक जुळत नसेल, तर आम्ही बँक जुळवणी पत्रक करतो. तसेच करा." त्यापुढचे दोन तास आम्ही तेच केले. डावीकडे कीर्द, म्हणजे १२१.९; त्यात एकेक रक्कम मिळवत किंवा वजा करत २३४.६ पर्यंत पोचायचे, आणि प्रत्येक रकमेला पुरावा हवा. पुरावा म्हणजे कोणत्या साधनाने तो आकडा सांगितला ते.

जे दिसत होते पण नव्हते

सुरुवात 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' यांच्यापासून केली, कारण या दोघांतील फरक उलटा होता. सर्वसाधारणपणे डिस्कवरील जागा फाइलींच्या आकारापेक्षा जास्त भरते. ५ केबींच्या फाइलीला ४ केबींचे दोन क्लस्टर लागतात आणि ३ केबी वाया जातात. सरासरी धरली तर प्रत्येक फाइलीमागे अर्धा क्लस्टर, आणि मोजणीत आलेल्या सुमारे ६ लाख ४० हजार फाइलींच्या मागे १.२ जीबी. म्हणजे १५२.३ च्या जागी १५३.५ दिसायला हवे होते. दिसत होते १२१.९.

राहिलेले ३१.६ जीबी वनड्राइव्हच्या फोल्डरात होते, म्हणजे खरे तर तिथे नव्हते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीपासून अशी सोय दिली की फाइल दूरच्या सर्व्हरवर राहते आणि संगणकावर तिचे केवळ नाव, तारीख आणि आकार दिसतात; ती उघडली की तेवढ्यापुरती उतरवली जाते. शेजारी निळ्या ढगाचे चिन्ह असेल, तर फाइल इथे नाही, आणि हिरवी बरोबरची खूण असेल, तर ती इथे आहे, एवढी ओळख पुरते. सहायकाने पुसलेल्या ८ जीबींच्या फोल्डरावर ढग होता. म्हणून जागा एका बाइटनेही वाढली नाही. उलट ती कागदपत्रे सर्व्हरवरूनही गेली, कारण तो फोल्डर दोन्हीकडे एकच असतो. सुदैवाने वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरील कचरापेटी वेगळी असते आणि वैयक्तिक खात्यात ती ३० दिवस फाइली सांभाळते. जुळवणीला बसण्याआधी तो फोल्डर परत आणला, आणि वर दिलेले आकडे तो परत आणल्यानंतरचे आहेत.

ज्यांच्यावर कोणी क्लिक केलेच नव्हते

मॅडमनी 'सगळे' निवडले होते, पण सी ड्राइव्हच्या पहिल्या पातळीवर जे लपवलेले असते, ते 'सगळे' म्हटल्यावर येत नाही. लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दिसू दिल्यावर चार गोष्टी पुढे आल्या. पेजफाइल ९.५ जीबी होती. मेमरी अपुरी पडली की विंडोज तिचा आधार घेते. हायबरफिल ६.३ होती, यंत्र गाढ झोपवताना मेमरीतील मजकूर ठेवण्यासाठी ती आधीच अडवून ठेवलेली असते आणि इथे तिचा आकार मेमरीच्या सुमारे ४० टक्के होता. प्रोग्रॅमडेटा फोल्डरात ८.४ आणि सर्व वापरकर्त्यांच्या रिसायकल बिनमध्ये मिळून २.७ जीबी होते.

'सर्व वापरकर्त्यांच्या' हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. रिसायकल बिन प्रत्येकाची वेगळी असते. आपण आपली रिकामी केली, म्हणून दुसऱ्याची होत नाही. त्यावरूनच कळले की या यंत्रावर आणखी एक खाते आहे. दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचे ते होते आणि त्याच्या डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, ईमेलच्या साठ्यात मिळून २३.८ जीबी पडून होते. एक्सप्लोरर साध्या अधिकारांनी चालतो, दुसऱ्याच्या खात्याचे दार त्याला बंद असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो तिथून गुपचूप शून्य घेऊन परततो. मी ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवलेल्या मोजणीच्या साधनाला तो फोल्डर लगेच दिसला. तेच साधन साध्या अधिकारांनी चालवले, तेव्हा त्यानेही शून्यच दाखवले.

मॅडम काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याने नेलेल्या पक्षकारांची कागदपत्रे यात आहेत का ते आधी बघावे लागेल. याला हात लावू नका."

मोठी रक्कम

एवढे मिळवूनही साठहून अधिक जीबी बेपत्ता होते, आणि मला तीन दिवसांत सहा जीबी गिळणारी ती जागा आठवत होती. सी ड्राइव्हच्या मुळाशी सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचा फोल्डर असतो. त्यात ॲडमिनिस्ट्रेटरलाही साध्या मार्गाने जाता येत नाही. आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीत व्हीएसएसॲडमिन ही आज्ञा वापरून शॅडो कॉपींचा साठा विचारला, तेव्हा तीन ओळी आल्या. वापरलेले, ६१.३ जीबी. राखलेले, त्याहून किंचित जास्त. कमाल मर्यादा, 'अनबाउंडेड'.

शॅडो कॉपी म्हणजे ड्राइव्हच्या एखाद्या क्षणाची प्रत, पण ती घेताना काहीही नकलून घेतले जात नाही. विंडोज फक्त त्या क्षणाची नोंद करते. त्यानंतर ड्राइव्हवर कुठेही जुन्या मजकुरावर नवे लिहायची वेळ आली की आधी तिथला जुना मजकूर १६ केबींच्या ठोकळ्यांनी उचलून वेगळ्या साठ्यात ठेवला जातो आणि मगच नवे लिहिले जाते. पुढे कधी त्या क्षणाकडे परतायचे झाले, तर न बदललेले ड्राइव्हवरून आणि बदललेले साठ्यातून घेऊन जुने चित्र पुन्हा जुळवता येते. रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या स्थितीत परत नेण्याची सोय, यावरच चालतात आणि चालू फाइलींचा बॅकअप घेणारी बरीचशी सॉफ्टवेअर यावरच विसंबतात.

आता डाउनलोड्सचे काय झाले ते पाहू. त्या ६ जीबींच्या फाइली शॅडो कॉपी घेतली त्या क्षणी अस्तित्वात होत्या. त्या पुसल्यावर त्यांचे क्लस्टर नकाशावर रिकामे झाले, म्हणून मोकळी जागा खरोखरच वाढली. त्या वेळचा ९.१ हा आकडा खराच होता. पण पुढच्या तीन दिवसांत त्याच क्लस्टरांवर ३ जीबींचे नवे लिखाण झाले, तेव्हा त्यांतला जुना मजकूर शॅडो कॉपीला हवा असल्याने तो उचलून साठ्यात गेला. तीन जीबी नव्यांनी घेतले आणि तीन जीबी पुसलेल्यांच्या आठवणीने. जिथे शॅडो कॉपी आहे, तिथे पुसून मिळालेली जागा अशी दुप्पट दराने खर्च होते, आणि हे घडताना कोणत्याही फोल्डरचा आकार वाढलेला दिसत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती तर रोज त्याच त्या फाइलींवर पुन्हा पुन्हा लिहिली जाते. प्रत्येक नव्या शॅडो कॉपीनंतर त्या फाइलींचे जुने ठोकळे पुन्हा एकदा साठ्यात जात होते. अशा अकरा प्रती होत्या.

सामान्यतः या साठ्याला ड्राइव्हच्या काही टक्क्यांची मर्यादा असते आणि ती गाठली की सर्वांत जुन्या प्रती आपोआप काढल्या जातात. इथे मर्यादाच नव्हती. ती कोणी काढली असेल याचा शोध घेण्यासाठी मी माझ्या कामाच्या वहीत मागे गेलो. दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर या कार्यालयाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते : रात्रीचा बॅकअप जागेअभावी अडतो, शॅडो साठ्याची मर्यादा काढली, पुढच्या भेटीत पुन्हा घालणे. पुढच्या भेटीत प्रिंटर बिघडला होता. मॅडमना मी ते पान दाखवले. त्यांनी ते वाचले आणि जुळवणीच्या कागदावर ६१.३ पुढे कंसात माझे आडनाव लिहिले.

वजा बाजू

सगळ्या रकमा मिळवायच्याच नसतात. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचा उपफोल्डर आहे; प्रणालीचे सर्व भाग तिथे असतात आणि तीच फाइल सिस्टिम३२ मध्ये दुसऱ्या नावाने दिसते. याला हार्ड लिंक म्हणतात : डिस्कवर मजकूर एकच, नावे दोन. शाळेच्या पटावर एकाच मुलाचे नाव दोनदा पडावे आणि पट मोजणाऱ्याने दोन मुले धरावीत, तसे एक्सप्लोररचे होते. फाइल भेटली की तो तिचा आकार धरतो. ती आधी भेटली होती का, हे तो पाहत नाही. डिझम या आज्ञेने घटकांच्या साठ्याचे विश्लेषण मागितले, की एक्सप्लोररला दिसणारा आकार, खरा आकार आणि विंडोजच्या उरलेल्या भागाशी सामायिक असलेला भाग असे वेगवेगळे आकडे मिळतात. येथे सामायिक भाग ६.९ जीबी होता. तो दोनदा मोजला गेला होता, म्हणून एकदा वजा करायचा. विनएसएक्सएस फार मोठा दिसतो म्हणून तो हाताने पुसायला निघणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना जागा थोडी मिळते आणि यंत्र नव्याने बसवावे लागते.

उरलेल्या दोन रकमा लहान होत्या. फाइलव्यवस्थेची स्वतःची दप्तरे कोणत्याही फोल्डरात दिसत नाहीत. त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे फाइलींच्या नोंदींचे मुख्य कोष्टक. एका नोंदीला १ केबी, आणि नोंदी सुमारे ९ लाख. ६४ एमबींची बदलनोंदवही आणि इतर किरकोळ धरून १.० जीबी. आणि २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोज स्वतःच्या अद्ययावतीकरणासाठी सुमारे ७ जीबी राखून ठेवते, त्यातले १.८ वापरात होते आणि ५.२ रिकामे असूनही 'मोकळे' म्हणून दाखवले जात नव्हते. बँकेत किमान शिल्लक ठेवावी लागते आणि ती काढता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तयार झालेले पत्रक असे होते.

कीर्दीप्रमाणे डिस्कवरील जागा : १२१.९
मिळवा, शॅडो कॉपींचा साठा : ६१.३
मिळवा, जुन्या कर्मचाऱ्याचे खाते : २३.८
मिळवा, पेजफाइल आणि हायबरफिल : १५.८
मिळवा, प्रोग्रॅमडेटा : ८.४
मिळवा, राखीव पण रिकामी जागा : ५.२
मिळवा, रिसायकल बिन : २.७
मिळवा, फाइलव्यवस्थेची दप्तरे : १.०
वजा, दोनदा मोजलेल्या फाइली : ६.९
येणारी बेरीज : २३३.२
पासबुकाप्रमाणे : २३४.६
फरक : १.४

मी म्हटले, एवढे चालते. मोजणी सुरू असताना यंत्र काही थांबलेले नसते, मोजणारी साधने वेगळी आणि प्रत्येकाची गोळाबेरीज वेगळी. मॅडमनी १.४ पुढे 'उचंत खाते', म्हणजे उलगडा होईपर्यंत रक्कम ठेवायचे तात्पुरते खाते, असे लिहिले आणि कागद फाइलीला लावला.

जागा मोकळी करणे

पुढचे काम क्रमाने झाले आणि त्याला फारसा वेळ लागला नाही. शॅडो कॉपींना हात लावण्यापूर्वी संपूर्ण बॅकअप बाह्य डिस्कवर घेतला, कारण जुन्या प्रती एकदा गेल्या की परत येत नाहीत. मग साठ्याला ड्राइव्हच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. जुन्या प्रती आपोआप काढल्या गेल्या आणि ६१.३ चे ९.४ झाले. टेबलावरच्या यंत्राला गाढ झोपेची गरज नसल्याने हायबरफिल बंद केली. यंत्र सुरू व्हायला आता काही सेकंद जास्त लागतात, ते मॅडमना आधीच सांगितले होते. रिसायकल बिन विचारून रिकामी केली. जुन्या कर्मचाऱ्याचे खाते मॅडमनी दोन संध्याकाळी बसून तपासले, हवे ते बाजूला काढले आणि मगच ते बाह्य डिस्कवर हलवून इथून काढू दिले.

त्या हलवण्यात आणखी एक विसंगती निघाली. खात्यात छोट्या एक्सएमएल आणि पावत्यांच्या १ लाख २० हजार फाइली होत्या, सरासरी २० केबींच्या, मिळून २.३ जीबी. बाह्य डिस्क एक्सफॅट पद्धतीची होती आणि त्या आकाराच्या डिस्कवर विंडोज ठरवते तो क्लस्टर १२८ केबींचा असतो. २० केबींच्या फाइलीनेही १२८ केबी अडवल्या आणि त्याच फाइलींनी तिथे १४.६ जीबी खाल्ले. मॅडमचा फोन आला, तेव्हा पहिले वाक्य होते, "हे तुमचे काय चालले आहे?" सगळ्या फाइली एकाच झिपमध्ये बांधल्यावर तो प्रश्न मिटला.

मोकळ्या जागेचा अपेक्षित आकडा ८७.८ होता, यंत्राने ८६.९ दाखवला. विवरणपत्रे ३१ तारखेच्या आत गेली.

ऑगस्टमध्ये मी मर्यादा तपासायला गेलो. साठा १७ जीबींवर होता, मर्यादेच्या आत. जाताना सहज म्हणून चेकडिस्क या ड्राइव्ह तपासणाऱ्या साधनाने दिलेला अहवाल छापून घेतला. त्यात फाइलींनी, अनुक्रमणिकांनी, प्रणालीने आणि बदलनोंदवहीने वापरलेली जागा वेगवेगळ्या ओळींत दिलेली असते, आणि 'अनुक्रमणिका' ही ओळ माझ्या पत्रकात नव्हतीच. फोल्डर म्हणजे तरी एक यादीच, आणि ती यादीही डिस्कवर कुठेतरी लिहावी लागते. या यंत्रावर त्या याद्यांनीच ०.५ जीबी घेतले होते. मी ते मॅडमना दाखवले. त्यांनी जुलैची फाइल काढली, उचंत खात्यातील १.४ वर एक रेघ मारली, खाली ०.९ लिहिले आणि विचारले, "आणि हे?"